असईच्या लढाईसाठी कागदी पलटणी

टेबलावर युद्ध खेळण्याचा छंद ज्यांना लागतो, त्यांतल्या बहुतेकांचं सैन्य अर्धवट राहतं. वीस-पंचवीस शिपाई रंगवून होतात, घोडदळ डब्यातच पडून राहतं आणि शत्रूपक्ष तर विकतही आणलेला नसतो. धातूचा २८ मिलिमीटर उंचीचा एक शिपाई ब्रिटनमध्ये साधारण दीड-दोन पौंडांना पडतो. त्यावर टपालखर्च आणि सीमाशुल्क. मग ब्रश, रंग, प्रायमर. एकेक शिपाई नीट रंगवायला तासभर सहज जातो. बऱ्यापैकी मोठ्या लढाईला दोन्ही बाजूंचे मिळून चारशे शिपाई लागतात. म्हणजे खर्च लाखाच्या जवळ जातो आणि वेळ वर्ष-दोन वर्षं.

कागदाचं सैन्य याच ठिकाणी उपयोगी पडतं. ते स्वस्त आहे हे खरंच, पण मला त्याचं मोल वेगळ्या कारणासाठी वाटतं. कागदाचं सैन्य पूर्ण होतं. दोन्ही बाजूंचं पूर्ण होतं. आणि लढाई समजून घ्यायची असेल तर दोन्ही बाजू पुऱ्या उभ्या राहिल्याशिवाय ती समजत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेवर नदी, टेकडी, गाव मांडतात. दोन्ही पक्षांच्या तुकड्या समोरासमोर उभ्या करतात. टेबलावर घरं आखलेली नसतात. तुकडी किती सरकली ते टेपने सेंटिमीटरमध्ये मोजतात. पायदळ एका डावात अमुक अंतर जाईल, घोडदळ त्याच्या दुप्पट, तोफेचा मारा इथवर पोचेल, असं नियमपुस्तकात दिलेलं असतं. माऱ्याचा परिणाम फाशांवर ठरतो. तुकडीचं नुकसान वाढलं की ती टिकते की पळते, हेही फासाच सांगतो. नशिबाचा भाग आहेच, पण कुठली तुकडी कुठे, केव्हा आणि कोणत्या तोंडाने न्यायची, हे डोक्याचं काम आहे.

या खेळात कागद अलीकडे शिरला असं समजू नये. स्ट्रासबर्ग शहरात अठराव्या शतकापासून छापील कागदी शिपाई तयार होत, आणि तिथल्या इतिहास संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे. फ्रान्समध्येच एपिनाल गावी जाँ-शार्ल पेलेराँ याने १७९६ मध्ये काढलेल्या छापखान्याची रंगीत चित्रं आणि सैनिकांचे ताव पुढे शतकभर मुलांच्या हाती जात राहिले. प्रशियात १८२४ मध्ये राइसविट्झ या तरुण तोफखाना-अधिकाऱ्याने नकाशा, फासे आणि छोटे ठोकळे घेऊन लष्करी शिक्षणासाठी युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिलं ते शिशाचे खेळण्यातले शिपाई आणि स्प्रिंगची तोफ समोर ठेवून. तिथून हा छंद धातूकडे वळला आणि बराच काळ तिकडेच राहिला. १९८० मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्ह जॅक्सन गेम्सने ‘कार्डबोर्ड हीरोज’ नावाने पुठ्ठ्यावर छापलेली पात्रं काढली. आणि गेल्या दशकात पीटर डेनिस या इंग्लिश चित्रकाराने ही कला फार वरच्या पायरीवर नेली. ऑस्प्रे प्रकाशनाच्या लष्करी इतिहासाच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणारा हा माणूस. त्याने हेलियन प्रकाशनासाठी कागदी सैन्याची पुस्तकं केली. इंग्लंडमधलं यादवी युद्ध, ब्रिटनवरची रोमन स्वारी असे विषय घेतले. पुस्तकातल्या पानांच्या प्रती काढायच्या, कापायच्या आणि खेळायचं. हातभर अंतरावरून पाहिलं तर डेनिसचा कागदी शिपाई घाईघाईने रंगवलेल्या धातूच्या शिपायापेक्षा निश्चित सरस दिसतो, कारण चेहऱ्यावरची सावली आणि कपड्याची घडी कसलेल्या चित्रकाराच्या हातची असते.

आता प्रत्यक्ष काम. उदाहरणाला असईची लढाई घेऊ. ही लढाई जगभरचे खेळगडी खेळतात आणि ती झाली आपल्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज, दुसरीकडे आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सरदार पोहलमन. त्याच्या स्वतःच्या पलटणी, सालूरच्या हाताखालच्या बेगम समरूच्या पलटणी आणि द्युपाँच्या पलटणी मिळून सुमारे १०,८०० कवायती शिपाई आणि शंभरावर तोफा. शिवाय हजारोंचं घोडदळ. वेलस्लीकडे मैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार धरून साडेनऊ हजार, पण प्रत्यक्ष लढाईत उतरले ते त्यातले निम्म्याच्या आसपास.

सैन्य बांधायची सुरुवात कात्रीने करायची नसते, हिशेबाने करायची. एक पट्ट म्हणजे किती माणसं, हे आधी ठरवा. पट्ट म्हणजे ज्या तुकड्यावर शिपाई चिकटवतो तो पुठ्ठा. शिंद्यांच्या बाजूला सहाशे-साडेसहाशेची एक पलटण धरली तर १०,८०० माणसांचे सतरा पट्ट होतात. इंग्रजांकडे ७४वी आणि ७८वी या दोन गोऱ्या पलटणी, चार मद्रासी पलटणी आणि निरनिराळ्या पलटणींच्या पहाऱ्यांची मिळून केलेली एक तुकडी, असे पायदळाचे सात. घोडदळाचे चार: १९वी लाइट ड्रॅगून्स आणि मद्रासच्या ४थ्या, ५व्या आणि ७व्या रेजिमेंटी. हे आकडे समोर मांडले की कागद किती लागेल ते लगेच कळतं.

पट्टाची रुंदी ६० मिलिमीटर धरू आणि शिपायाची उंची १८ ते २० मिलिमीटर. एका पट्टीत खांद्याला खांदा लावून दहा शिपाई बसतात. एका पलटणीला पुढची आणि मागची अशा दोन पट्ट्या. प्रत्येक पट्टीत पुढचं चित्र, त्याच्या वर उलटं छापलेलं पाठचं चित्र आणि दोन्ही टोकांना चिकटवण्यासाठी पाच-पाच मिलिमीटरच्या कडा, म्हणजे एकूण उंची साधारण ५४ मिलिमीटर. ए-फोर तावावर अशा पट्ट्या आडव्या तीन आणि उभ्या पाच, एकूण पंधरा बसतात. शिंद्यांच्या सतरा पलटणींना चौतीस पट्ट्या, म्हणजे तीन ताव. इंग्रज पायदळाला एक ताव. दोन्हीकडचं घोडदळ, तोफा, झेंडे आणि सेनापती धरून आणखी पाच-सहा. कलर लेझर प्रिंटला एका तावाला दहा-वीस रुपये पडतात. गावागणिक भाव बदलेल. म्हणजे असईचं दोन्ही बाजूंचं सैन्य छापायला दोनशे रुपयांच्या आत-बाहेर खर्च येतो.

छापतानाच पहिला घोटाळा होतो. दुकानातला मुलगा फाइल उघडतो आणि ‘फिट टू पेज’ करून ताव काढतो. चित्र तीन-चार टक्क्यांनी लहान होतं आणि तुमच्या साठच्या पट्टावर अठ्ठावन्नची पट्टी येते. म्हणून तावाच्या कडेला दहा सेंटिमीटरची एक रेघ छापून घ्यावी. पहिला ताव हातात आला की तिथेच फूटपट्टी लावून ती रेघ मोजावी आणि मगच बाकीचे काढायला सांगावेत. ‘अ‍ॅक्चुअल साइज’ किंवा शंभर टक्के, एवढंच त्याला सांगायचं असतं.

लेझर की इंकजेट? माझं मत लेझर. इंकजेटची शाई बहुधा पाण्यात विरघळते. फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं आणि लाल कोटाचा रंग पांढऱ्या पट्ट्यात उतरतो. लेझरचा टोनर पाण्याला दाद देत नाही. त्याचा दोष एवढाच की घडीवर तो तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. पण आपली घडी शिपायांच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेत येते आणि ती जागा कापताना निघूनच जाते.

कागदाची जाडी महत्त्वाची आहे. नेहमीचा ८० जीएसएमचा कागद दुहेरी चिकटवूनही लुळा पडतो. २२० किंवा ३०० जीएसएमचं कार्ड घडीवर फुटतं, दुहेरी झालं की कात्रीला आवरत नाही आणि कडा जाड, पांढरी दिसते. १०० ते १२० जीएसएम हा योग्य कागद. दोन थर आणि मधला डिंक मिळून तो पोस्टकार्डाएवढा ताठ होतो.

एक पट्टी कशी होते ते सावकाश पाहू. प्रथम तावातून ती पट्टी सरळ रेषेत कापून घ्या. शिपायांच्या आकाराला अजून हात लावायचा नाही. पुढचं आणि पाठचं चित्र जिथे डोक्याला डोकं लावून भेटतं, तिथे घडीची रेघ असते. त्या रेघेवर स्टीलची पट्टी ठेवून शाई संपलेलं बॉलपेन दाबून फिरवा. कागद कापायचा नाही, त्यावर फक्त वळ उठवायचा आहे. वळ उठलेला कागद जिथे सांगाल तिथेच मुडपतो. न उठवता मुडपला तर घडी अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे जाते, आणि या मापात अर्धा मिलिमीटर म्हणजे शिपायाचं अख्खं नाक. घडी घातली की डिंक लावण्याआधी पट्टी ट्यूबलाइटसमोर धरा. पुढच्या शिपायाची कडा आणि पाठच्या शिपायाची कडा एकमेकींवर बसलेली दिसली पाहिजे. नसेल तर घडी उलगडा आणि वळ पुन्हा उठवा.

खालच्या दोन्ही कडा बाहेरच्या बाजूला मुडपून ठेवा. त्यांच्यावर आता डिंक नको. मग आतल्या भागावर फेव्हिकॉलचा ठिपका टाकून जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या कडेने तो निपटून घ्या. थर इतका पातळ हवा की कागद ओला दिसावा, पांढरा दिसू नये. ग्लू स्टिक वापरायचा मोह होतो, कारण हात स्वच्छ राहतात. पण स्टिकचा डिंक कडेपर्यंत पोचत नाही आणि महिन्याभरात टोप्या उकलायला लागतात. दोन्ही बाजू मिटताना बोट घडीकडून खाली कडांकडे न्या, म्हणजे हवा बाहेर पडते. मिटलेली पट्टी दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून वर जाडजूड पुस्तक ठेवा. अर्ध्या तासाने ती सपाट आणि कडक निघते. वजन न ठेवता वाळवली तर डिंकातल्या पाण्याने ती वाकते, आणि वाकलेली पलटण पुन्हा कधी सरळ होत नाही.

आता कापणं. नवखा माणूस इथे फार प्रामाणिक होतो. प्रत्येक संगीन, प्रत्येक पाय सुटा कापायला जातो आणि शेवटी लडबडणाऱ्या कागदी चिंध्या हाती येतात. पायांमध्ये कापायचंच नाही. तिथे गवताचा किंवा सावलीचा गडद रंग छापलेला असावा. दोन डोक्यांच्या मध्ये उथळ व्ही आकाराची खाच घ्या. बंदुकीच्या नळ्यांमध्ये गडद कागद तसाच राहू द्या. दोन हातांवरून डोळा तो भाग रिकामाच समजतो. आकृतीभोवती एक मिलिमीटरची काळी कडा ठेवली तर शिपाई उठून दिसतो आणि कात्री थोडी चुकली तरी खपून जातं. भरतकामाची छोटी, टोकदार कात्री यासाठी उत्तम. कात्री धरलेला हात स्थिर ठेवून कागद फिरवायचा. आतल्या कोपऱ्यांना कटर लागेल. पातं नवं हवं आणि एकाच जोरात न कापता हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवायला हवं.

कापून झाल्यावर एक काम बहुतेक लोक सोडून देतात, आणि सगळी शोभा त्यातच आहे. कापलेल्या कडेला कागदाचा पांढरा पोत उघडा पडतो. तिरक्या नजरेने पाहिलं की प्रत्येक शिपायाभोवती पांढरी रेघ चमकते आणि सैन्य कागदाचं आहे हे ओरडून सांगते. गडद तपकिरी स्केचपेन किंवा रंगीत पेन्सिल कडेवरून आडवी फिरवा. पेन फार ओलं असेल तर रंग आत झिरपतो, म्हणून आधी रद्दीवर टेकवून थोडं कोरडं करून घ्या. एका पट्टीला मिनिटभर लागतं. ही मिनिटं वाचवू नयेत.

पट्टांसाठी पुस्तकबांधणीवाल्यांकडचा दोन मिलिमीटर जाड पुठ्ठा सगळ्यांत चांगला. बिस्किटांच्या किंवा बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा वाकतो. ६० बाय ३० मिलिमीटरचे तुकडे कापून आधी दोन्ही बाजूंनी रंगवून घ्या. एकाच बाजूने रंगवले तर त्या बाजूला वळतात. असईची माती काळी, लढाई पावसाळ्याच्या शेवटची. म्हणून गडद मातकट रंग आणि त्यावर विरळ हिरवं. पुढची पट्टी पट्टाच्या पुढच्या कडेपासून दहा मिलिमीटरवर, मागची बावीसवर चिकटवा. मागची अर्ध्या शिपायाने बाजूला सरकवली की पुढच्या दोघांच्या मधून मागचा दिसतो आणि वीस शिपायांची पलटण चाळीसची वाटते. मुडपलेल्या कडा झाकायला फेव्हिकॉल लावून वर चाळलेली वाळू आणि वाळवलेला चहाचा चोथा भुरभुरा. पट्टाच्या मागच्या कडेवर पलटणीचं नाव लिहून ठेवा, नाहीतर खेळाच्या मध्यावर ४थी कुठली आणि ८वी कुठली यावर वाद होतो.

कागदी शिपायाचा एक दोष मान्य करावा लागतो. बाजूने पाहिला तर तो नाहीसा होतो. पण या खेळात खेळाडू टेबलाच्या समोरासमोरच्या बाजूंना बसतात. एकाला आपल्या सैन्याची पाठ दिसते आणि शत्रूचं तोंड. शिवाय एकामागे एक दोन रांगा असल्या की कोपऱ्यातूनही पलटणीचा जमाव दिसतो. झेंडा मात्र पट्टीच्या काटकोनात लावावा, म्हणजे तो बाजूनेही दिसतो. झेंड्याची काठी आणि स्वारांचे भाले कागदातून कापत बसू नका. नारळाच्या झापाचा हीर घ्या, चाकूने तासून बारीक करा आणि पट्टी मिटण्याआधी दोन थरांच्या मध्ये ठेवून चिकटवा. कागदाचा भाला पहिल्याच खेळात मुडपतो. हिराचा वर्षानुवर्षं टिकतो.

घोडदळाच्या पट्टीत ६० मिलिमीटरवर तीनच घोडे येतात. ड्रॅगून्सचे तिघेही एका रेषेत, एका चालीत दाखवावेत. शिंदे-भोसल्यांचे स्वार तसे दाखवू नयेत. त्यांची रीत निराळी. त्यांच्यासाठी सुटे स्वार कापून एका पट्टावर दोन-दोन, थोडे तिरके, मागेपुढे लावावेत. टेबलावर नुसती नजर टाकली तरी कवायती फौज कुठली आणि मोकळी फौज कुठली हे कळायला हवं.

तोफ मात्र सपाट चालत नाही, कारण तिचं तोंड कुठे आहे यावर खेळ अवलंबून असतो. संपलेल्या बॉलपेनची रिकामी नळी धुऊन तिचा दीड सेंटिमीटरचा तुकडा ही तोफेची नळी. काळा किंवा पितळी रंग द्या. जाड कार्डावर छापलेली दहा मिलिमीटर व्यासाची दोन चाकं आणि मध्ये मुडपलेल्या कार्डाचा गाडा. गोलंदाज सपाट कागदाचे चालतात. एक तोफ म्हणजे दहा तोफा धरल्या तर शिंद्यांच्या बाजूला दहा लागतात आणि इंग्रजांना दोन पुरतात. टेबलावर हा फरक उघड दिसला की वेलस्लीने काय धाडस केलं आणि त्याची किंमत का मोजावी लागली, हे न सांगता समजतं. त्या दिवशी त्याचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले. ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या. पुढे वॉटर्लू जिंकूनही लढाईत आपण केलेलं सर्वोत्तम काम कोणतं, या प्रश्नाला त्याने असई हेच उत्तर दिलं.

हवे तसे ताव मिळाले नाहीत तर स्वतः काढावेत, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. आधी एकच शिपाई चांगला दहा-बारा सेंटिमीटर मोठा काढा. लहान केल्यावर रेषा आपोआप नेटक्या होतात. तो स्कॅन करा, त्याची प्रत करून आडवी उलटवा आणि ती प्रत पूर्ण काळी भरून टाका. ही झाली पाठीची आकृती. पुढच्या चित्राशी ती तंतोतंत जुळणारच. आता त्या काळ्या आकाराच्या आतच पाठ रंगवा: पाठीवर एकमेकांना छेदणारे पट्टे, काडतुसांची पेटी, पागोट्याचा मागचा भाग, स्वार असेल तर पाठीवरची ढाल. एका शिपायापासून दहा करताना सगळे एकसारखे नकोत. दोन-तीन चेहरे बदला, एखाद्याची मान वळवा, कोटाचा रंग किंचित फिका-गडद करा. खऱ्या रंगापेक्षा एक छटा उजळ छापा. कारण लहान आकारात आणि घरातल्या दिव्याखाली गडद रंग काळे दिसतात.

पोशाखासाठी कल्पनेवर विसंबू नये. असईनंतर सहा वर्षांनी, १८०९ मध्ये, शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या टॉमस ब्रॉटनचं पत्रांचं पुस्तक १८१३ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात एका हिंदी चित्रकाराच्या हातची रंगीत चित्रं आहेत. छावणीतली माणसं, घोडे, वेश त्यात पाहायला मिळतात, आणि इतक्या जुन्या पुस्तकावर हक्कांचं बंधन उरलेलं नाही.

सैन्य तयार झालं. आता टेबलाचं माप. सहाशे माणसं दोन रांगांत उभी केली तर एका रांगेत तीनशे, माणशी सुमारे ५६ सेंटिमीटर धरले की मोर्चा १६८ मीटरचा. आपला पट्ट ६० मिलिमीटरचा. म्हणजे टेबलावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे २८ मीटर झाला आणि १२० सेंटिमीटरच्या टेबलावर सव्वातीन किलोमीटरहून थोडा जास्त प्रदेश मावला. बंदुकीचा खरा उपयोगी मारा शंभरएक मीटरचा, म्हणजे टेबलावर साडेतीन-चार सेंटिमीटर, पट्टाच्या रुंदीपेक्षाही कमी! नवख्याला हे चुकीचं वाटतं, पण तेव्हाची लढाई इतक्याच जवळून होत असे. उलट, याच मापाने पाहिलं तर आपला दोन सेंटिमीटरचा शिपाई छप्पन्न मीटर उंच होतो. उंचीचं आणि जमिनीचं माप या खेळात वेगवेगळंच ठेवावं लागतं. म्हणून असई गाव दाखवायला दोन-तीन कागदी घरं आणि एक मातीची भिंत पुरे. तेवढ्या जागेत खरं गाव मावलेलं असतं.

दोन्ही नद्यांना निळ्या-मातकट कापडाच्या पट्ट्या. पोहलमनची रांग केळणेच्या काठाने दक्षिणेकडे तोंड करून मांडा. समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली, तेव्हा मध्ये उतार असणारच, असा तर्क वेलस्लीने केला आणि शत्रूच्या डाव्या अंगाकडे नदी ओलांडली. तो पार झाल्याचं पाहून पोहलमनने आपल्या पलटणी काटकोनात फिरवल्या, आणि इतक्या शिस्तीने फिरवल्या की वेलस्लीलाही ते अपेक्षित नव्हतं. खेळात यासाठी नियम करा: फासा टाकून तीन किंवा अधिक पडले तर पलटण त्याच डावात फिरते, नाहीतर पुढच्या. सतरा पट्ट एकेक करून फिरवताना शिंद्यांच्या कवायती पायदळाची योग्यता हाताला कळते. पहाऱ्यांच्या तुकडीचा कर्नल ओरॉक वाट चुकून थेट असई गावाकडे गेला आणि ७४वी पलटण त्याच्या मागोमाग तोफांच्या तोंडी गेली. मॅक्सवेलच्या घोडदळाने हल्ला चढवून तिचे उरलेसुरले वाचवले. शिंद्यांचे काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज रांग पुढे गेल्यावर उठून त्यांनी पाठीमागून मारा केला. यासाठीही नियम हवा: घेतलेल्या तोफेपाशी पहारा ठेवला नाही तर पाच किंवा सहा पडल्यावर ती पुन्हा बोलते. असे दोन-तीन नियम विकतच्या कोणत्याही सोप्या नियमपुस्तकाला जोडले तरी पुरतं.

जपणुकीबद्दल दोन गोष्टी. आपल्याकडे या सैन्याचा मोठा शत्रू छताचा पंखा. पट्टाखाली लोखंडी वॉशर चिकटवला तर पलटण उडत नाही, आणि पत्र्याच्या डब्यात तळाला चुंबकाची शीट घातली तर नेताना हलतही नाही. दुसरा शत्रू दमट हवा. मॅट अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे पातळ दोन हात दोन्ही बाजूंनी दिले की कागद हवेतलं पाणी ओढत नाही, पण हे काम उन्हाळ्यात किंवा दिवाळीनंतर करावं. पावसाळ्यात मारलेला स्प्रे पांढुरका होऊन बसतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. एवढं करूनही एखादी पलटण भिजली, फाटली तर ताव पुन्हा छापता येतो.

ज्यांना चित्रं काढता येतात त्यांना माझी एक विनंती आहे. मावळे, हशम, शिलेदार, बारगीर, गारदी, शिंद्यांच्या कवायती पलटणी यांचे ताव काढा, मुलांना आणि शाळांना फुकट छापू द्या. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे असतातच. त्यांच्या शेजारी पायथ्याशी येणारी शंभर-दोनशेची फौज कागदाने सहज उभी राहील आणि इतिहासाच्या तासाला असई किंवा पानिपत बाकावर मांडता येईल. आणि ताव काढाल तेव्हा त्याच्या कडेला दहा सेंटिमीटरची रेघ छापायला विसरू नका.